श्रावणातला गोवा, समुद्र वगळून

जुलैच्या शेवटी गोव्याला निघाले तेव्हा ऑफिसात जो तो विचारत होता, "आत्ता? पावसात? तिथे करणार काय?" विचारणं चूक नव्हतं. या दिवसांत किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात, शॅक उतरवून ठेवलेले असतात आणि पाण्यात गुडघाभर उतरलं तरी जीवरक्षक शिट्ट्या मारत धावत येतात. पण माझा मामा राहतो फोंड्याजवळ कवळ्याला. तिथून समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही, मामाच्या बोलण्यातही फारसा येत नाही. आलाच तर ताटातल्या मासळीच्या निमित्ताने. त्यात श्रावण लागलेला, म्हणजे तेही निमित्त नाही. घरातले जिथे जातील तिथे त्यांच्या मागे जायचं, एवढाच माझा बेत होता.

सोमवार

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक म्हणजे गाडी मुळातच हळू हाकायची. उशीर झाला तरी कुणी तक्रार करत नाही, कारण खिडकीबाहेर सगळं धुऊन काढलेलं असतं. करमळीला उतरून जुन्या गोव्याच्या चौकात आले आणि फोंड्याची खासगी बस पकडली. कंडक्टरचा एक हात दांड्याला, दुसऱ्यात नोटांची घडी आणि तोंडी जप, "फुडें वच, फुडें वच." पुढे जायला जागाच नव्हती. तरी लोक पुढे सरकले आणि जागा झाली.

म्हार्दोळला बस थांबते तिथे बायका जाईच्या माळा घेऊन बसतात. दुपारी हातात पडतात त्या मिटलेल्या कळ्या. मला वाटलं होतं ताजी फुलं मिळतील, शेजारची बाई म्हणाली, "थांब गो, सांजेक पळय." संध्याकाळी मंगेशीला निघेपर्यंत माझ्या वेणीतली सगळी माळ उमलली होती. या हिशेबाने फुलं विकणं मी मुंबईत कधी पाहिलं नाही. तिथे सकाळी फुललेलं घ्यायचं आणि दुपारी टाकायचं.

श्रावणातला सोमवार, त्यामुळे मंगेशीला गर्दी. सात मजली दीपस्तंभ पावसात उभा, पायऱ्यांवर चपलांचा खच. पालखीच्या वेळी गाणारे काही व्यावसायिक नव्हते. एक बँकेतला, एक शाळामास्तर, एकाचं वाण्याचं दुकान. पण सूर असा लागला की मी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "दीनानाथ मंगेशकर ह्या गावचे, अभिषेकीबुवा ह्या गावचे. हांगा बेसूर गाणाऱ्याला शेजारी पाणी देत नाहीत." मग देवाचीही माहिती पुरवली: मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, आपली शांतादुर्गा केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे आणले, कारण तेव्हा फोंडा त्यांच्या राज्यात नव्हता. हे सांगताना मामा थोडं असं सांगतो की जणू सामान हलवायला तो स्वतः होता.

मंगळवार

सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलच्या भोंग्याने जाग आली. पों पों ऐकलं की मामी पिशवी घेऊन दारात. उंडे, पोळी, काकणं. पोळी म्हणजे आपली पोळी नव्हे. कोंडा लावलेला, आतून पोकळ, चपटा गोल पाव. चहात बुडवायला काकण आणि भाजीला पोळी, असे इथे नियम आहेत आणि ते मोडल्यास मामी बोलून दाखवते.

नागपंचमी होती. मातीचा नाग पूजेला बसला आणि स्वयंपाकघरात पातोळ्यांचा कारखाना सुरू झाला. परसातल्या हळदीची पानं. भिजवलेल्या तांदळाचं वाटण पानावर बोटांनी पसरायचं, मध्ये नारळ आणि माडाच्या काळ्या गुळाचं चून, मग पान मधोमध दुमडायचं आणि वाफवायचं. मामीच्या मते वाटण इतकं पातळ लागलं पाहिजे की पानाच्या शिरा पातोळीवर उमटल्या पाहिजेत. माझ्या पातोळ्यांवर शिरा सोडा, पानच दिसत नव्हतं. त्या तिने वेगळ्या ठेवल्या, "ह्यो तुज्या मामाक." मामाने तक्रार केली नाही. हळदीच्या पानाचा वास घरभर इतका भरला की शेजारची कॅथलिक बाई कुंपणावरून म्हणाली, आमच्या पंधरा ऑगस्टच्या, मारियेच्या सणाच्या पातोळ्यांना अजून दोन आठवडे आहेत, तोवर वासावर भागवते. मामीने ताट भरून दिलं. त्या सणाला तिच्याकडून ताट येतं, असं दोन्ही घरांत फार वर्षं चाललंय.

दुपारी करमणूक म्हणजे मामाचं पेपर मोठ्याने वाचणं. वीज कुठे जाणार, कुठल्या देवळात कुणाचं भजन, कुणाचा वाढदिवस, कोण वारलं. घरात सगळे बोलतात कोकणी, वाचतात मराठी, आणि मामा दोन्हींत मिसळून टिप्पणी करतो. त्या टिप्पणीसाठीच मामी जवळ बसून भाजी निवडते, हे माझ्या लक्षात आलं.

बुधवार

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोचा सप्ताह. हे मला ऐकून माहीत होतं. गेले नव्हते कधी. बोरीचा पूल ओलांडून मडगाव, तिथून वास्को. बंदराच्या क्रेन घरांच्या वर डोकावत होत्या. तेवढा समुद्र मी हिशेबात धरत नाही.

गोष्ट अशी सांगतात की सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी वास्कोत साथ आली, माणसं मरू लागली. काही जण जांबावलीच्या दामोदराकडे गेले, तिथून प्रसादाचा नारळ आणला, तो पुजला आणि अखंड भजन मांडलं. साथ ओसरली. तेव्हापासून दर श्रावणात दामबाबासमोर नारळ ठेवला जातो आणि चोवीस तास भजन चालतं. पथकं पाळीपाळीने बसतात, सूर खाली पडू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी आदल्या वर्षीचा नारळ खारेवाड्याला समुद्रात सोडतात. नाव सप्ताह असलं तरी भजन एका अहोरात्राचं. फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, मात्र पुढे कितीतरी दिवस रेंगाळते.

देवळात शिरायला रांग. आत टाळ, पखवाज, हार्मोनियम आणि "जय जय राम कृष्ण हरी". एक पथक उठायच्या आधी दुसरं मागे येऊन बसतं, नवा पखवाजवाला जुन्याच्या ठेक्यात ठेका मिळवतो आणि मगच जुना हात काढतो. हा बदल मी पुन्हा पुन्हा पाहिला. ठेका एकदाही सुटला नाही. गायक बदलतो, ते ऐकणाऱ्याला कळतंच. पण ठेक्याचा हात कधी बदलला ते डोळे मिटलेल्या माणसाला कळलं नसतं.

रात्री पार आले. वेगवेगळ्या समाजांच्या मिरवणुका, पुढे देखावा, मागे भजन, आणि रस्त्यात ठिकठिकाणी बैठका. बैठक म्हणजे खरंच बैठक: रस्त्यावर मांडव, त्यात गादी-लोड, तंबोरे जुळवलेले, आणि समोर छत्र्या घेऊन उभे-बसलेले लोक. मुंबईत ज्यासाठी तिकीट काढून, वातानुकूलित सभागृहात, खोकला दाबत बसावं लागतं, ते इथे एका बाजूला चण्यावाल्याची गाडी आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान यांच्या मध्ये चाललेलं. ख्याल विलंबितात असताना पावसाची सर आली. कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्याने छत्री उघडली तर मागच्याने शांतपणे ती त्याच्या हातून घेऊन मिटवली, कारण तिच्यामुळे गायक दिसत नव्हता. दोघेही भिजत माना डोलवत राहिले.

फेरीत मामीने खाजं घेतलं. बेसनाच्या काड्या, वर गुळाचा आणि आल्याचा पाक. एक किलो घरासाठी, अर्धा किलो "वाटेत लागतं" म्हणून. वाटेचं वास्को बसस्टँडवरच संपलं.

गुरुवार

पहाटे घरी पोचलो होतो. दुपारपर्यंत झोप. पाऊस एवढा की अंगण आणि रस्ता यांतला फरक गेला.

संध्याकाळी दोन घरं पलीकडून आवाज आला, घुम्, घुम्, आणि त्यावर चट्. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली म्हणून वाड्यातली पोरं आरतीचा सराव करत होती. मी जाऊन उंबऱ्यावर बसले. घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडाला चामडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड कमी-जास्त झाकायचं, त्याने आवाज फुगतो नि दबतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. कायद्याने ते बंद झालं तेव्हा वाद्यच बुडेल अशी भीती होती. मग बकऱ्याचं चामडं आलं आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. जुने वाजवणारे अजून म्हणतात की त्या आवाजाची सर नाही. पोरांना ती सर ऐकलेलीच नाही, त्यामुळे ती मजेत आहेत.

काठ्यांनी वाजवायच्या शामेळावर एक दहावीतली मुलगी होती, झांजांसारख्या कासाळ्यावर तिचा धाकटा भाऊ. आरती आपल्याला पाठ असलेलीच, पण इथे ती अशी लांबवतात, मध्ये घुमटांची अशी काही जुगलबंदी घालतात की तीन मिनिटांची आरती अर्धा तास पुरते. मुलगी मध्येच थांबली आणि भावाला म्हणाली, "तू धांवता कित्याक? नैवेद्य खंय वचना."

शुक्रवार

म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. फोंड्याहून पणजी, पणजीहून म्हापसा, आणि मामा सगळ्या वाटेभर गप्प. कारण मागाहून कळलं. पावसाळ्यात ट्रॉलरना समुद्रात जायला बंदी असते, १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. ती काल रात्री उठली. आज जाळी पाण्यात पडणार, आणि आमच्या घरी श्रावण. "सरकार सोडता, देव धरता," एवढंच तो म्हणाला आणि मासळीच्या इमारतीकडे पाठ फिरवून भाजीकडे वळला.

भाजीचा भाग हा या बाजाराचा पावसाळ्यातला मुख्य खेळ आहे. पक्क्या ओट्यांवर जे असतं ते बारा महिने कुठेही मिळतं. बघायचं ते जमिनीवर, पोत्यावर मांडलेलं; आसपासच्या गावांतल्या बायका पहाटे डोंगरावरून खुडून आणतात. टायकिळा, तेरं म्हणजे रानातलं अळू, आकूर, कोवळ्या बांबूचे कोंब, शेवग्याचा पाला, भोपळ्याची फुलं. हातभर लांब भेंडे. फिक्या हिरव्या रंगाची तवशी, म्हणजे काकड्या, एवढी मोठी की एकात घर जेवेल. एका टोपलीवर केळीचं पान झाकलेलं आणि भोवती माणसं वाकलेली. अळमी होती, वारुळावर उगवणारी अळंबी. पानात मोजून बांधलेली पुडी, आणि भाव असा की मामीने ऐकून नुसतं "देवा" म्हटलं. तरी घेतली. न घेता परत गेली असती तर वाटेत तीन बायकांनी विचारलं असतं, अळमी मेळ्ळीं?

तेरं घेताना विकणारीने मला बजावलं की आंबट घातल्याशिवाय शिजवू नकोस, घसा धरेल. किती आंबट, कधी घालायचं, मिठाआधी की नंतर, सगळं सांगितलं. मागे रांग लागली होती. रांगेतल्या दोघींनी तिच्याशी मतभेद नोंदवले. एकीच्या मते बिंबल, दुसरीच्या मते आंबाडे, आणि विकणारी सोलांवर ठाम. मी भाजीपेक्षा वाद जास्त घेऊन निघाले.

रात्री तवसाळी झाली. तवशाचा कीस, रवा, गूळ, नारळ, आणि मंद आचेवर भाजलेली वडी. कडेचा करपलेला तुकडा कुणाचा यावरून मामा-मामीचं जे झालं ते इथे लिहीत नाही.

शनिवार

मामाच्या स्कूटरवरून दिवाडी. मी मागे, दोघांवर मिळून दीड रेनकोट.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता उतरतो तो थेट मांडवीच्या धक्क्याला. ही कमान १५९९ मध्ये वास्को द गामाच्या पणतूने बांधली, वर पणजोबांचा पुतळाही बसवला. नवा व्हाइसरॉय आला की इथून वाजतगाजत आत जायचा. आता खालून स्कूटरी, दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं जातात. फेरीबोटीला पायी माणसाला तिकीट नाही. नदी गढूळ, फुगलेली; फेरी थोडी तिरकी होत जाते आणि नेमकी धक्क्याला लागते. चालवणारा मोबाइलवर बोलत नव्हता, हे विशेष म्हणून नोंदवते.

दिवाडीचा रस्ता खाजन शेतीतून जातो. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेलं आणि बांधात लाकडी दारांचं मानस. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. मामाने स्कूटर थांबवून दाखवलं. दारावर एक खंड्या बसला होता. तोही पाण्याचीच वाट बघत असावा.

आम्हाला जायचं होतं सप्तकोटेश्वराला. कदंब राजांचा हा कुलदेव. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, कोटितीर्थाचं तळं अजून आहे. देऊळ पाडलं गेलं तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यात नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे पुस्तकात वाचलं होतं. पण दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला आलो, तिथे परत फेरी, आणि समोर हाकेच्या अंतरावर नार्वे. एवढंसंच पाणी. हे पाहिल्यावर वाचलेलं पहिल्यांदा कळलं. देव फार दूर नेला नव्हता. राज्याची हद्द तेवढी ओलांडली होती. या तीरावरून त्या तीरावरची झाडं ओळखता येतात. रात्री होडीत घातला असेल तर उजाडायच्या आत पलीकडे.

नार्व्याचं देऊळ लहान आहे. उतरती कौलं, मध्ये घुमट, पुढे दीपस्तंभ. दारावर जीर्णोद्धाराचा शिलालेख. लिंगाला पैलू आहेत. अलीकडेच दुरुस्ती झाल्याने भिंती नव्या दिसतात, मला त्या किंचित जास्तच नीटनेटक्या वाटल्या. पण आत शिरल्यावर थंडावा तोच जुना. पावसामुळे आम्ही तिघेच: मी, मामा आणि पुजारी. पुजाऱ्याने मामाला विचारलं कुठचे. कवळे म्हटल्यावर दोघांनी दहा मिनिटांत एक समान नातेवाईक शोधून काढला.

परतताना फेरीवर मामा म्हणाला की सरकारी बसमंडळाचं नाव कदंब ठेवलं ते बरं केलं, राजे गेले तरी वेळेवर न येण्याची शान राहिली.

रविवार

सकाळी मामीचं आयताराचं पूजन. पत्री गोळा करायला मला पाठवलं होतं, आणि मी आणलेल्यातली निम्मी परत टाकून तिने स्वतः आणली.

रात्रीची गाडी होती, म्हणून मामा आणि मी सामान घेऊन दुपारीच पणजीला गेलो. फोंताइनासमध्ये पिवळ्या भिंतीला टेकून फोटो काढणाऱ्यांची रांग. घरवाल्यांनी पाट्या लावल्यात की फोटो काढू नका, आणि लोक पाटीसकट काढतात. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या, दिवसाढवळ्या दिवे लावून. मामाने तिकडे पाहिलं नाही. तो मला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाच्या पुतळ्याकडे घेऊन गेला. एक झगा घातलेला माणूस हात पसरून उभा आणि समोर कोसळलेली बाई. परगावचे लोक याला काहीही समजतात. फारिया १७५६ मध्ये कांदोळीत जन्मला, पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग केले. संमोहन कुठल्या चुंबकशक्तीने होतं हे तो मानत नव्हता. झोप समोरच्याच्या मनातूनच येते असं म्हणाला, ते पुढे शास्त्राने उचललं. पण मामाची आवडती गोष्ट वेगळी. तरुणपणी लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिला आणि वाचाच बसली. तेव्हा खालून बाप कुजबुजला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि पोरगा सुटला. खरं-खोटं देव जाणे. पण परवाच्या म्हापशानंतर ती गोष्ट मला नको तितकी पटली.

कॅफे टॅटोमध्ये भाजीपाव खाल्ला, पातळ भाजी आणि सुकी मिक्स. त्यानंतर पोटात जागा नसायला हवी होती. पण अंधार पडला, गाडे लागले, आणि एका गाड्यावर कढईतला शागोतीचा, म्हणजे कोंबडीच्या मसालेदार रश्शाचा, वास असा आला की मामाची चाल मंदावली. गाडेवाला ओळखीचा निघाला. त्याने अंडी फोडत विचारलं, "दोगांकय रॉस?"

मामा ताठ उभा राहिला. "हिका रॉस ऑम्लेट. म्हाका श्रावण आसा. म्हाका फकत पाव."

गाडेवाल्याने मान हलवली. ताटलीत दोन पाव ठेवले, आणि त्यावर, चेहरा अजिबात न हलवता, डाव भरून रस्सा ओतला. वर बारीक कांदा, लिंबू.

"पावाक सुको दिवप बरें न्हय," तो म्हणाला.

मामाने ताटली घेतली, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "तुझी गाडी किती वाजता म्हणालीस?"